युद्धग्रस्त बालके आणि सामूहिक जीवन : वळिवडे येथील पोलिश वसाहतीचा अभ्यास (१९४३–१९४८)

१. प्रश्नाचे स्वरूप

युद्धाचा इतिहास लिहिताना आपण सैन्यांच्या हालचाली, तह, सीमा आणि मृतांची संख्या यांची नोंद घेतो. युद्धातून जिवंत राहिलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र बहुधा इतिहासाच्या कक्षेबाहेर राहतो. तो वैद्यकाचा किंवा मानसशास्त्राचा विषय आहे असे समजून इतिहासकार त्यास बगल देतात. मानसशास्त्रज्ञांस वर्तमानातील रुग्णांची काळजी अधिक असल्याने तेही मागे वळून पाहत नाहीत. त्यामुळे दोन विद्याशाखांच्या मधल्या पडीक जमिनीत हा प्रश्न पडून राहिला आहे.

महाराष्ट्राच्या भूमीवर या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण घडून गेले. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा होता. युद्धाच्या आघातातून आलेल्या मुलांस समूहाच्या आधाराने पुन्हा उभे करण्याचे जे प्रयत्न त्याच वर्षांत लंडन व न्यूयॉर्क येथे शास्त्रीय परिभाषेत मांडले जात होते, त्यांच्याशी या वसाहतीतील जीवनाची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वळिवडे येथे जे घडले त्यास 'समूहोपचार' म्हणता येईल काय, आणि म्हणता येत नसेल तर त्याचे महत्त्व कशात आहे, हे दोन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

२. आघाताचा पूर्वेतिहास

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने व १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत अमलाखाली गेलेल्या पूर्व पोलंडमधून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या अवधीत चार मोठ्या लाटांमध्ये लोकांची हद्दपारी झाली. सैनिक, वनरक्षक, शिक्षक, जमीनधारक व सरकारी नोकर यांची कुटुंबे मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियातील अर्खांगेल्स्कचा प्रदेश येथे नेण्यात आली. जंगलतोडीच्या कामावर, सामुदायिक शेतांवर आणि खाणींवर त्यांस जुंपण्यात आले. थंडी, उपासमार व रोग यांनी मोठा संहार केला.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर स्वारी केली तेव्हा चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी सिकोर्स्की–मायस्की करार झाला, हद्दपार पोलिशांस मुक्तता मिळाली आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभे राहू लागले. हे सैन्य गाठण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिणेकडे, मध्य आशियाकडे निघाली. त्या प्रवासात व त्यानंतर विषमज्वर, अतिसार व भूक यांनी अनेक मुलांचे आईबाप हिरावले. काही मातांनी आपली मुले निदान जगावीत म्हणून स्वतःच्या हातांनी अनाथाश्रमांत सोडली. १९४२ च्या मार्च–एप्रिल व ऑगस्ट महिन्यांत कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० सैनिक व नागरिक इराणमध्ये पोहोचले. त्यांत हजारो मुले होती.

इराणमधून ही मुले जगभर विखुरली. पूर्व व दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि हिंदुस्थान येथे त्यांच्या वसाहती झाल्या. न्यूझीलंडमधील पाहिआतुआ येथे १९४४ मध्ये ७०० हून अधिक मुले गेली. हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उभारली. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी या कार्याची बरीच धुरा वाहिली.

या मुलांच्या मनःस्थितीविषयी एक तपशील पोलिश स्मृतिलेखनात वारंवार येतो. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही मुले पावाचे तुकडे उशीखाली व गादीखाली लपवून ठेवीत. आज खावयास मिळाले तरी उद्याची शाश्वती नाही, हे ज्ञान शरीरात भिनले होते. भूक संपली तरी भुकेची भीती संपत नाही. आघात या शब्दाचा अर्थ या एका सवयीतून पुरेसा स्पष्ट होतो.

३. वळिवड्याची वसाहत

बालाचडीची छावणी मुख्यतः अनाथ मुलांची होती. वळिवडे येथील वसाहतीचे स्वरूप निराळे होते. १९४३ च्या मध्यास कोल्हापूर–मिरज लोहमार्गालगत, पंचगंगेच्या परिसरात ही वसाहत सुरू झाली. कोल्हापूर संस्थानात त्या वेळी राजे अल्पवयीन असल्याने कारभार रीजन्सीकडे होता. वसाहतीचा खर्च लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारच्या वतीने चाले. इराणमधून समुद्रमार्गे कराचीस व तेथील संक्रमण छावण्यांतून कोल्हापुराकडे, असा बहुतेकांचा प्रवास झाला.

वसाहतीच्या रचनेतील पहिली गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लांबलचक बराकी कुटुंबवार खोल्यांत विभागलेल्या होत्या व प्रत्येक कुटुंबास स्वतःची चूल होती. कुटुंबांस ठराविक भत्ता मिळे आणि बाजारहाट व स्वयंपाक ती आपापला करीत. भाजीपाला, दूध, कापड व शिवणकाम यांच्या निमित्ताने आसपासच्या गावांतील लोकांशी त्यांचा रोजचा संबंध येई. सैबेरियात ज्या मातांस आपल्या मुलाच्या ताटात काय पडावे हे ठरविण्याचा अधिकार उरला नव्हता, त्यांस तो येथे परत मिळाला. स्वतःची चूल ही बाब प्रशासनाच्या दृष्टीने क्षुल्लक असेल; मुलाच्या दृष्टीने ती जग पुन्हा सुरळीत झाल्याची पहिली खूण होती. ज्या मुलांस कुटुंब उरले नव्हते त्यांच्यासाठी स्वतंत्र अनाथालय होते.

दुसरी गोष्ट शाळांची. बालवाडीपासून प्राथमिक शाळा, गिम्नाझ्यूम व लिसेउम अशी शिक्षणाची पूर्ण शिडी वसाहतीत उभी राहिली. शिक्षणाचे माध्यम पोलिश होते. शिक्षकांपैकी बहुतेक जण त्याच हद्दपारीतून आलेले होते. दोन-तीन वर्षांचे शिक्षण बुडालेली मुले या शाळांत दाखल झाली. त्यांच्या आयुष्याला घंटा, वेळापत्रक, परीक्षा आणि सुटी यांची चौकट मिळाली. प्रकृतीने दुर्बळ मुलांसाठी पाचगणी येथे विश्रांतीची व शिक्षणाची सोय होती. रुग्णालय, प्रार्थनामंदिर, नाट्यगृह, गायकवृंद व लोकनृत्याची पथके यांनी उरलेला दिवस भरून निघे.

तिसरी, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बालवीर व वीरबाला पथके. पोलंडमध्ये ही चळवळ १९१० च्या सुमारास रुजली आणि राष्ट्रीय स्वातंत्र्याच्या भावनेशी प्रारंभापासूनच जोडली गेली. वळिवडे येथे शेकडो मुले-मुली तिच्यात सामील होती. पुढे कातीन हत्याकांडातील बळींच्या कुटुंबीयांचे धर्मगुरू म्हणून प्रसिद्धीस आलेले झ्जिस्वाव पेश्कोव्स्की यांनीही येथील बालवीरांचे मार्गदर्शन केले होते. पेश्कोव्स्की स्वतः सोव्हिएत कैदेतून वाचलेले अधिकारी होते, ही बाब अर्थपूर्ण आहे. पथकांची रचना लहान टोळ्यांची असे. प्रत्येक टोळीचा नायक थोड्याच मोठ्या वयाचा मुलगा वा मुलगी असे. शिबिरे, रात्रीची शेकोटी, गाणी, पोहणे, चढण चढणे, आजाऱ्यांची सेवा अशी कामे टोळीने एकत्र करावयाची असत.

४. समकालीन पाश्चात्य प्रयोग

समूहाचा उपचारासाठी हेतुपुरस्सर उपयोग करण्याची कल्पना वळिवड्याच्या आधीची आहे. १९०५ मध्ये बॉस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोग्यांचे वर्ग भरविले. १९३० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी जेकब मोरेनो यांनी 'समूहोपचार' ही संज्ञा रूढ केली. मुलांच्या क्षेत्रात पहिले महत्त्वाचे नाव एस. आर. स्लावसन यांचे. १९३४ पासून न्यूयॉर्क येथे त्यांनी मुलांचे छोटे गट तयार केले. या गटांत मुलांस लाकूड, रंग, हत्यारे दिली जात आणि शेवटी सर्वांनी मिळून खावयाचे असे. प्रौढ व्यक्ती तेथे शांतपणे उपस्थित राही. ती उपदेश करीत नसे, शिक्षा करीत नसे व मुलांस भूतकाळाविषयी बोलण्यास भागही पाडीत नसे. उपचार बोलण्यात नसून एकत्र करण्यात आहे, हे या पद्धतीचे मर्म होय. समूहोपचाराची ओळख करून देणारा स्लावसन यांचा ग्रंथ १९४३ मध्ये, म्हणजे वळिवड्याची वसाहत सुरू झाली त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

त्याच काळात बर्मिंगहॅमजवळील नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात विल्फ्रेड बियॉन व जॉन रिकमन यांनी मनोरुग्ण सैनिकांस स्वतःचे गट बनवून त्यांची जबाबदारी घ्यावयास लावले. हा प्रयोग काही आठवड्यांतच बंद पडला, तथापि त्याचा वृत्तांत १९४३ मध्ये प्रसिद्ध होऊन पुढील चिंतनास दिशा मिळाली. लंडनमध्ये ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम युद्धकालीन बालगृहे चालवीत होत्या. मुलांस बाँबवर्षावापेक्षा आईपासून झालेली ताटातूट अधिक जाचते, हा त्यांचा निष्कर्ष १९४३ मध्ये ग्रंथरूपाने पुढे आला. आपल्या बालगृहातील मुलांची त्यांनी चार-पाच मुलांच्या 'कुटुंबां'त विभागणी केली व प्रत्येक कुटुंबास एक मातृस्थानी असलेली परिचारिका दिली.

युद्धसमाप्तीनंतरचे एक उदाहरण याहून बोलके आहे. १९४५ मध्ये तेरेझीन येथील नाझी छावणीतून तीन-चार वर्षे वयाची सहा अनाथ ज्यू मुले इंग्लंडमध्ये आणण्यात आली. ससेक्समधील 'बुलडॉग्ज बँक' नामक घरात ती वर्षभर राहिली. ॲना फ्रॉइड व सोफी डान यांनी १९५१ मध्ये त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ही मुले प्रौढांशी शत्रुत्वाने वागत. परंतु परस्परांस क्षणभरही सोडीत नसत आणि एकमेकांचा मत्सर करीत नसत. आईबाप नसलेल्या या मुलांनी एकमेकांसच आईबापांच्या ठिकाणी मानले होते. समवयस्कांचा समूह हा मुलाच्या मनाचा खरा आधार होऊ शकतो, हे या सहा मुलांनी दाखवून दिले.

पोलंडची स्वतःची परंपराही येथे विसरता कामा नये. वॉर्सा येथील यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयात मुलांचे न्यायालय होते व मुलांचे वृत्तपत्रही निघे. १९४२ च्या जुलैमध्ये घेट्टोतील या अनाथालयाच्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' रंगमंचावर आणले. त्यानंतर काही आठवड्यांतच कोर्चाक व त्यांची मुले त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यात आली. मुलांच्या समूहास स्वतःचे शासन करू द्यावे, हा विचार पोलिश शिक्षणविश्वास अपरिचित नव्हता, एवढे यावरून म्हणता येते.

५. तुलना आणि तिच्या मर्यादा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उपचारास तीन गोष्टी लागतात : विकाराचे निदान, उपचाराचा हेतू व परिणामाची तपासणी. वळिवड्याची उभारणी यांपैकी कशावरही झालेली नव्हती. तेथील नेत्यांचा उद्देश मुलांस पोलिश नागरिक म्हणून वाढविणे हा होता. स्वतंत्र पोलंडमध्ये परत जावयाचे आहे या श्रद्धेवर शाळा व पथके उभी होती. सबब वळिवड्याच्या जीवनास 'समूहोपचार' म्हणणे शास्त्रदृष्ट्या योग्य होणार नाही. आघातोत्तर ताणविकाराची संज्ञाच मुळी १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारवर्गीकरणात दाखल झाली. ती मागे नेऊन १९४३ च्या मुलांवर चिकटविणे हा कालविपर्यास ठरेल.

तथापि, नाव नसले म्हणजे वस्तूही नसते असे नाही. स्लावसन यांच्या गटांतील शांत प्रौढ, ॲना फ्रॉइड यांची लहान 'कुटुंबे' आणि नॉर्थफील्ड येथील स्वयंशासित गट यांची प्रतिरूपे वळिवड्याच्या टोळ्यांत दिसतात. फरक एवढाच की, लंडन–न्यूयॉर्कमध्ये उपचार करणारा व उपचार घेणारा यांचे अनुभव भिन्न होते. वळिवडे येथे मात्र शिक्षक, नायक, माता व मुले सर्वच एका दुःखाचे वाटेकरी होते. येथे मुलास आपली कहाणी समजावून सांगावी लागत नसे, कारण ती सर्वांस ठाऊकच होती.

अलीकडच्या शास्त्राने या अनुभवास अनपेक्षित पाठिंबा दिला आहे. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि समाजाशी पुनर्योग. आपत्कालीन मानसिक आरोग्याविषयी २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त समितीने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मदतीची कल्पना मनोऱ्यासारखी मांडली आहे. तळाशी अन्न, निवारा व सुरक्षितता, त्यावर कुटुंब व समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची लक्ष्यबद्ध मदत आणि अगदी टोकाशी तज्ज्ञांचा उपचार. या मनोऱ्याचे खालचे दोन थर वळिवडे येथे भक्कम होते; वरचे दोन जवळजवळ नव्हते. बोस्निया युद्धानंतर नॉर्वे व इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या गटांसाठी जी अल्पकालीन पद्धती तयार केली, ती तिसऱ्या थरातील होय. तीत वारंवार येणाऱ्या भयप्रद स्मृती, झोपेचा नाश व टाळण्याची वृत्ती यांस तोंड देण्याची तंत्रे शिक्षकही शिकवू शकतात.

हर्मन यांच्या तीन टप्प्यांपैकी पहिला व तिसरा वळिवडे येथे दिसतो. दुसऱ्याची, म्हणजे स्मरण व शोक यांची, स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. प्रार्थना, राष्ट्रीय दिन व मृतांचे स्मरण यांतून शोकास सामुदायिक वाट मिळत असे. परंतु वीरत्वाच्या शिकवणुकीत एकेकट्या मुलाच्या भयास कितपत जागा होती, याविषयी शंका राहते. त्यातच १९४५ च्या याल्टा परिषदेने पूर्व पोलंड सोव्हिएत संघास दिला, आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने पोलिश निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या घरी परतण्यासाठी मुले शिकत होती ते घरच नकाशावरून दुसऱ्या राज्यात गेले. समूहाला उभे ठेवणारे ध्येय असे मोडले, तरी समूह मोडला नाही. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली. १९४८ च्या आरंभी वसाहत बंद झाली तेव्हा बहुसंख्य लोक ब्रिटनला, काही आफ्रिकेतील छावण्यांत, तर काही पोलंडला गेले.

स्मरणाचा टप्पा यानंतर पन्नास वर्षांनी पुरा झाला असे म्हणावयास आधार आहे. हिंदुस्थानात वाढलेल्या या मुलांनी पुढे आपला संघ स्थापन केला, मेळावे भरविले आणि २००० मध्ये लंडनहून कागदपत्रे व आठवणी यांचा बृहत् ग्रंथ पोलिश भाषेत प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी रूपांतर २००९ मध्ये निघाले. १९९८ मध्ये कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मारक उभे राहिले. त्या ग्रंथाचे लेखन हे एका अर्थी त्याच टोळ्यांचे शेवटचे सामूहिक कार्य होय.

अभ्यासकाने मात्र येथे सावध राहावे. आपल्या हाती येणाऱ्या आठवणी मुख्यतः सावरलेल्यांच्या आहेत. जे सावरू शकले नाहीत ते सहसा मेळाव्यास येत नाहीत आणि ग्रंथात लिहीत नाहीत. वळिवड्याचे जे उजळ चित्र आज आपणांस दिसते, त्यात या निवडीचा वाटा किती, हे विचारल्याविना निष्कर्ष काढू नये.

६. त्याच बराकीतील दुसरी मुले

पोलिश गेले आणि त्या जागी फाळणीने उन्मळलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. पुढे ते कापडाच्या घाऊक व्यापाराचे मोठे केंद्र झाले. एकाच जागी, एकापाठोपाठ आलेल्या या दोन समूहांची तुलना फार उद्बोधक आहे. पोलिश मुलांमागे निर्वासित का होईना एक सरकार होते. त्यांच्या शाळा व शिक्षकांचा खर्च कोणीतरी देत होते. सिंधी कुटुंबांस ताबडतोब पोट भरावयाचे होते, आणि परत जाण्याचे स्वप्नही नव्हते. त्यांचा सामूहिक आधार दुकान, नातेगोते व दरबार यांतून उभा राहिला. व्यापारातील यश पाहून आपण त्यांस 'सावरलेले' म्हणतो. परंतु आर्थिक स्थैर्य व मनाचे स्वास्थ्य यांत अंतर आहे. वळिवड्याच्या पोलिश मुलांविषयी दोन ग्रंथ हाती आहेत म्हणून आपण त्यांच्या मनाचा विचार करतो. गांधीनगरच्या मुलांविषयीही तोच प्रश्न त्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे.

७. बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने

हा विचार कोल्हापुरापुरता मर्यादित नाही. बुलढाणा जिल्ह्याची दक्षिण सीमा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्याशी भिडलेली होती. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या भागांपलीकडे आजच्या जालना जिल्ह्याचा मुलूख लागे. १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील अनेक कुटुंबे सीमा ओलांडून वऱ्हाडात आली. आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर झालेल्या हिंसेत मराठवाड्यातील अनेक मुसलमान कुटुंबांवर आपत्ती कोसळली. दोन्ही बाजूंच्या मुलांनी जे पाहिले त्याची जागा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात अजून मोकळी आहे. त्या वेळची दहा वर्षांची मुले आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेली आहेत. त्यांच्या मौखिक आठवणी गोळा करण्याचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

दुसरा प्रश्न वर्तमानाचा आहे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. अशा घरातील मुलाने युद्ध पाहिलेले नसते. पण एका सकाळी जग कोसळल्याचा अनुभव त्यास आलेला असतो, आणि आधार देणारी आई स्वतःच कर्ज व वैधव्य यांखाली दबलेली असते. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांनी मनोऱ्याच्या टोकाकडील थर बांधण्याचा प्रयत्न केला. तो आवश्यकच आहे. परंतु रकमेचा धनादेश हा तळाचा थर आणि मनोविकारतज्ज्ञ हा टोकाचा थर यांच्या मधली जागा बहुधा रिकामी राहते. ती जागा शाळेची आहे, समवयस्कांच्या टोळीची आहे, रोज एकाच वेळी एकत्र येऊन काहीतरी करण्याची आहे.

वळिवड्याचा इतिहास या जागेविषयी काही सांगतो. तेथील मुलांस सावरण्यास ज्या गोष्टी कारणीभूत झाल्या त्या फार खर्चिक नव्हत्या : स्वतःची चूल, ठरलेली घंटा, आपली भाषा, लहान टोळी, आणि त्याच संकटातून आलेला थोडा मोठा नायक. त्यांपैकी एकही गोष्ट तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही. पण त्या नसतील तर तज्ज्ञाकडून घरी परतणाऱ्या मुलास उभे राहण्यास भूमीच उरत नाही. या गोष्टी कोणत्या परिस्थितीत उभ्या राहतात व कोणत्या परिस्थितीत कोसळतात, हे पाहण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे. ते त्याने मानसशास्त्रावर सोपवून मोकळे होऊ नये.